शंका विचारायची होती

"मॅडम, एवढं इंग्रजी बरोबर आहे का बघा."

हे वाक्य मी तीसएक वर्षं ऐकलं. मंचरला एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. सुरुवातीला यजमान आणि मी दोघं मिळून चालवायचो. सकाळी सातपासून मुलांच्या बॅचेस, दिवसभर खटखट. पुढे सरकारी परीक्षा कॉम्प्युटरवर गेली, मशिनं भंगारवाला घेऊन गेला. यजमानांनी एका कोपऱ्यात झेरॉक्स मशिन टाकलं. माझ्याकडे एक टेबल आणि माझं इंग्रजी उरलं. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. मंचर, घोडेगाव, पार जुन्नर-आळेफाट्यापर्यंत ज्याला कुणाला इंग्रजीत काही लिहायचं असेल तो कागद घेऊन यायचा. नोकरीचा अर्ज, व्हिसाचं पत्र, द्राक्षाच्या पेटीवरचा मजकूर, लग्नाची पत्रिका, काहीही.

लोकांना वाटतं, हे स्पेलिंग बघायचं काम. स्पेलिंग कुणीही बघतं. त्यानंतर व्याकरण, तेही पुस्तकात मिळतं. खरं काम त्याच्या पुढचं असतं. वाक्य बरोबर आहे, पण ज्याची ती भाषा आहे तो माणूस असं म्हणेल का? हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. आणि इथे मला आधीच कबूल केलं पाहिजे की ज्याच्या घरात इंग्रजी बोलतात अशा एकाही माणसाशी मी आयुष्यात समोरासमोर बोललेले नाही. दोन डिक्शनऱ्या, एक व्याकरणाचं पुस्तक आणि पेपरातून उतरवून घेतलेल्या वाक्यांची एक वही, एवढ्यावर मी लोकांना सांगत होते की हे बरोबर, हे चूक. आणि ठासून सांगत होते.

कांदा-बटाट्याचे एक व्यापारी होते, दत्ताशेठ. दुबईच्या गिऱ्हाइकाला पत्रं पाठवायचे. प्रत्येक पत्राच्या शेवटी 'काइंडली डू द नीडफुल' हवंच. मी ते एकदा खोडलं.

"मॅडम, नीडफुल काढलं का तुमी?"

"शेठ, काय करायचं ते वर सगळं लिहिलंय. परत 'योग्य ते करावे' कशाला?"

"आवो, पण त्याच्याबिगर पत्राला वजन येत न्हाई. सही केल्यासारखं वाटत न्हाई."

त्यांनी ते पेनानं परत घातलं. चार दिवसांनी दुबईहून उत्तर आलं. कांद्याचं सगळं ठीक, पण हे 'नीडफुल' नावाचं काय आहे, ते माल भरताना आमच्याकडून हवंय का? शेठ तो कागद घेऊन आले, खुर्चीत बसले आणि पोट धरून हसले. तेव्हापासून माझ्या शब्दाला मंचरच्या बाजारात मान आला.

दुसरी आळ्याची वैशाली. नर्सिंग झालेली, आयर्लंडच्या एका हॉस्पिटलला अर्ज करत होती. तिनं लिहिलं होतं, 'आय पास्ड आउट फ्रॉम नर्सिंग कॉलेज'. आपल्याकडे सगळे असंच म्हणतात. मी तिला समजावलं, "अगं, तिकडे पास आउट म्हणजे चक्कर येऊन पडणं. तू त्यांना सांगतेयस की मी कॉलेजातून बेशुद्ध होऊन बाहेर आले." पोरगी लाजून लाल झाली. अर्ज दुरुस्त करून गेला, नोकरी लागली, आजही ती तिकडेच आहे. ही गोष्ट मी पुढे कितीतरी जणांना सांगितली. मला तिचा अभिमान होता. मराठी माणूस इंग्रजी लिहिताना कुठे घसरतो हे आपल्याला बरोबर कळतं, असं मला वाटायला लागलं होतं.

आता जे सांगायचं आहे ते सांगते.

डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीतून कोंडाजी आणि हौसाबाई आले. बाजाराचा दिवस होता. दोघं आधी दारात उभी राहिली. गर्दी ओसरल्यावर आत आली. भात-नाचणी करणारं घर. त्यांचा थोरला मुलगा संदीप पुण्याला हॉटेलचा कोर्स करून मालवाहू जहाजावर लागला होता, तिथल्या स्वयंपाकघरात. दुसऱ्याच फेरीत समुद्रावर असताना त्याला ताप आला आणि तो गेला. सव्वीस वर्षांचा. तीन आठवड्यांनी पेटी मुंबईला उतरली. सोबत एक कागद होता, त्यावर कारण लिहिलं होतं, 'नैसर्गिक मृत्यू'. पेटी उघडू नका असं सांगितलं होतं. यांनी उघडली नाही. तिला तसाच अग्नी दिला.

कोंडाजींनी खिशातून फोन काढून मला दाखवला. संदीपबरोबर जहाजावर काम करणारा रोमेल नावाचा एक फिलिपाईन्सचा स्वयंपाकी होता. त्याचा मेसेज होता. मोडक्या इंग्रजीत त्यानं लिहिलं होतं: मी तुमच्या मुलाजवळ होतो. तुम्हाला सगळं सांगेन. पण आम्हाला कंपनीला विचारल्याशिवाय बोलता येत नाही. तुम्ही कंपनीला लिहा.

म्हणून दोघं ते लिहायला आली होती. वाडीच्या शाळेतल्या गुरुजींनी कच्चं पत्र करून दिलं होतं. ते बरोबर आहे का, एवढंच मला बघायचं होतं.

 मी हौसाबाईंना विचारलं, "काय काय विचारायचंय तुम्हाला?"

त्या बोटं मोजत बोलल्या, जणू रस्ताभर पाठ करून आल्या होत्या. "ताप किती दिस व्हता. प्वाटात काई गेलं व्हतं का. डोक्याशी कोन बसलं व्हतं. आन बोल्ला का काई. बस, येवढंच."

"दुसरं काही? कंपनीबद्दल काही तक्रार?"

"न्हाई न्हाई," कोंडाजी लगेच म्हणाले. "तक्रार कशाची? मानसं चांगली हायेत. पार घरापोत आनून दिला त्यांनी. आमाला निस्तं इचारायचं हाय."

गुरुजींचं पत्र सहा ओळींचं होतं. सुरुवात अशी: 'वुई वॉन्ट टु आस्क यू सम थिंग्ज अबाउट अवर सन.' आम्हाला आमच्या मुलाविषयी तुम्हाला काही विचारायचं आहे. खाली चार प्रश्न, आणि रोमेलशी बोलू द्यावं ही विनंती. एक-दोन ठिकाणी 'द' राहिला होता, बाकी चूक अशी नव्हती.

पण ते मला पोरकट वाटलं. चौथीतल्या मुलानं लिहिल्यासारखं. एवढी मोठी परदेशी कंपनी, माणूस गेलाय, आणि 'वॉन्ट टु आस्क सम थिंग्ज'? पत्राला भारदस्तपणा हवा असं माझ्या मनात आलं. नीडफुलवरून ज्या शेठना मी टोकलं होतं, त्यांच्याच वाटेनं मी निघाले होते आणि मला ते कळलंही नाही. मी ती ओळ खोडली. त्या जागी लिहिलं: 'वुई हॅव मेनी डाउट्स रिगार्डिंग द डेथ ऑफ अवर सन. काइंडली क्लिअर देम.' आणि रोमेलच्या नावापुढे 'हू वॉज प्रेझेंट अॅट द टाइम' असं जोडलं.

आमच्या वर्गात मुलं रोज म्हणायची, "मॅडम, एक डाउट आहे." डाउट म्हणजे शंका. शंका विचारायची असते, तिचं निरसन करायचं असतं. मी डिक्शनरीसुद्धा उघडली होती. डाउट, शंका. बरोबर. त्याच शब्दाखाली 'संशय' असंही होतं, पण ते माझ्या डोळ्यांखालून नुसतं गेलं.

पत्र वाचून दाखवलं, त्यांना मराठीत अर्थ सांगितला. "आम्हाला काही शंका आहेत, त्यांचं निरसन करा," असं मी म्हटलं. कोंडाजींनी मान हलवली. "झ्याक झालं." मी माझ्याच कॉम्प्युटरवरून कंपनीला ई-मेल केली.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. ते साहेबानं लिहिलेलं नव्हतं, वकिलानं लिहिलेलं होतं. तुमच्या पत्रात व्यक्त केलेल्या संशयाची आणि आरोपांची आम्ही नोंद घेतली आहे. यापुढे जहाजावरच्या कुठल्याही कर्मचाऱ्याशी परस्पर संपर्क करू नये. जो काही पत्रव्यवहार असेल तो विधी विभागामार्फत करावा.

मी ते तीन वेळा वाचलं. संशय कुणी घेतला? आरोप कुणी केले? वाटलं, दुसऱ्या कुणाचं उत्तर चुकून आपल्याला आलं असेल. रोमेलच्या नंबरवर मेसेज केला, तो पोचलाच नाही. त्यानं नंबर बदलला होता, की बदलायला लावला होता, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी मी आयर्लंडला वैशालीला फोन लावला. माझं पत्र तिला वाचून दाखवलं. पहिलं वाक्य तिनं मला परत वाचायला लावलं.

"मॅडम, हे पाठवलं तुम्ही?"

"का गं?"

"इथं डाउट म्हणजे विश्वास नाही असा अर्थ होतो. मी आले त्याच आठवड्यात इथल्या डॉक्टरांना म्हणाले, 'सर, आय हॅव अ डाउट.' मला फक्त गोळीचा डोस विचारायचा होता. ते म्हणाले, तुला माझ्यावर भरवसा नाही का? मॅडम, 'मुलाच्या मृत्यूबद्दल आमच्या मनात पुष्कळ डाउट आहेत' म्हणजे... म्हणजे तुम्हीच काहीतरी केलंय असं होतं ते. आणि पुढे रोमेलचं नाव, तो हजर होता. ते साक्षीदारासारखं वाटतंय."

"मग काय लिहायला हवं होतं?"

"साधं. वुई वॉन्ट टु आस्क."

मी फोन ठेवला. टेबलाच्या खणात गुरुजींचा कागद होता. त्यावर माझ्या लाल पेनाची रेघ होती, पट्टी लावून मारलेली.

मग मी दुसरं पत्र लिहिलं. आमचं इंग्रजी कच्चं आहे, शब्द चुकला, आम्हाला संशय नाही, आईला फक्त चार गोष्टी विचारायच्या आहेत. या वेळी माझ्यावर भिस्त ठेवली नाही. वैशालीनं तपासलं, तिच्या वॉर्डातल्या तिकडच्याच एका नर्सनं वाचलं, म्हणाली की वाचून रडू येतं. तेव्हा मला आशा वाटली होती. विधी विभागाचं उत्तर दोन ओळींचं आलं. प्रकरण बंद झालं आहे. आणखी पत्रव्यवहाराला उत्तर दिलं जाणार नाही. तरीही मी आणखी दोनदा लिहिलं. उत्तर आलं नाही.

हे त्या दोघांना फोनवर सांगणं मला जमेना. दिवाळीनंतर एक दिवस घोडेगावहून एस.टी. धरली, शेवटच्या थांब्यापासून पाऊण तास चालले. भात कापून झालं होतं, खळ्यावर झोडणी चालली होती. कोंडाजींनी मला बघून हातातली पेंढी खाली ठेवली. हौसाबाईंनी पाणी आणलं. त्यांच्या तोंडावर जे आलं होतं ते मी विसरू शकत नाही. मी निरोप घेऊन आले आहे असं त्यांना वाटलं होतं.

मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

 कोंडाजी म्हणाले, "म्हंजी त्यांला वाटलं, आमी त्यांच्यावर आळ घेतला?"

"हो."

"पर शंका व्हतीच की आमाला. तुमी बराबरच लिवलं की."

"शंका विचारायची होती हो. घ्यायची नव्हती. त्यांच्या भाषेत दोन्हीला एक शब्द चालत नाही."

ते त्यांनी मनात घोळवलं. मग विचारलं, "गुर्जींनी काय लिवलं व्हतं?"

मला वाटलं होतं हा प्रश्न येणार नाही. "विचारायचं आहे, असंच लिहिलं होतं."

"ते चूक व्हतं?"

"नाही. बरोबर होतं."

"मंग बदाललं कशापायी?"

मी म्हटलं, "चांगलं दिसावं म्हणून."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पेंढी उचलली आणि झोडायला लागले. हौसाबाई माझ्याजवळ बसून राहिल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मंग आता नीट लिवा की."

"लिहिलं, मावशी. तीन वेळा लिहिलं. ते आता वाचत नाहीत."

त्यांना ते कळलं की नाही, मला कळलं नाही. निघताना त्यांनी एका पिशवीत तांदूळ भरून दिले. मी नको म्हणाले, तर म्हणाल्या, "तुमी येवढं वर चालत आल्या."

इथपर्यंत मी स्वतःला एक सांगत होते. माझ्या चुकीनं त्यांना उत्तर मिळालं नाही, हे वाईटच झालं. पण निदान त्यांचं होतं ते तरी मी घालवलं नाही. तीन महिन्यांनी कोंडाजी घोडेगावला तहसील कचेरीत भेटले. मी दाखल्याच्या कामाला गेले होते, ते सातबाऱ्याच्या. वाळून निम्मे झाले होते. मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले,

"बाई, येक इचारू? त्यांनी कायी केलं नसंल, तर त्यो गडी आमच्याशी बोलायला भ्याला का? वकील मदी घालायचं काय काम?"

"तुम्ही म्हणालात ना, चांगली माणसं आहेत. घरापर्यंत आणून दिला."

"व्हय. पर पेटी उगडू नका म्हनले व्हते ना. तवा वाटलं न्हाई. आता वाटतं. का म्हनले आसतील? आमी उगडाया पायजे व्हती. रातध्याड त्येच येतं डोक्यात."

मी त्यांना परोपरीनं समजावलं. तापानं गेलेल्याची पेटी असते, लांबचा प्रवास असतो, सगळ्यांनाच तसं सांगतात. ते ऐकत होते, पण मी त्यांच्या डोळ्यांत बघत होते. दारात गर्दी ओसरायची वाट बघत उभा राहिलेला तो माणूस गेला होता. त्याच्या मनात जो संशय नव्हता तो मी इंग्रजीत लिहिला, आणि तो फिरून त्याच्या घरी आला. आता संदीप त्याच्या लेखी तापानं मेलेला नाही. कशानं मेला ते माहीत नाही, आणि कधी कळणारही नाही. हे मी केलं.

त्यानंतर मी दोन वर्षं टेबल चालवलं. कुणी कागद पुढे केला की माझा हात थांबायचा. 'बरोबर आहे' म्हणवत नसे, 'चूक आहे' म्हणवत नसे. लोकांना वाटलं, मॅडमचं वय झालं. तोवर फोनवर इंग्रजी तपासणारी ॲपं आलीच होती, गिऱ्हाईक आपोआप पातळ झालं. एकदा मी माझं ते वाक्य एका ॲपात टाकून बघितलं. त्यानं हिरवी खूण केली. चूक नाही. मला त्यात काही समाधान वाटलं नाही.

गल्लीतली जागा आता मोबाइल रिपेअरवाल्याला दिली आहे. कोंडाजी पुन्हा भेटले नाहीत. भेटू नये म्हणून मीही त्या बाजूला जात नाही.

हौसाबाई मात्र या वर्षी आल्या. घर शोधत आल्या. बाजारातून आल्या होत्या, डोक्यावरचं गाठोडं उंबऱ्यात ठेवलं. चहा घेतला. संदीपची धाकटी बहीण दिल्याघरी बरी आहे म्हणाल्या. कोंडाजींचं विचारलं तर म्हणाल्या, "अजून पेटीचंच बोलत्यात."

मग म्हणाल्या, "येक राह्यलं व्हतं बगा. कागदात घालायचं."

"काय, मावशी?"

"झोपंत पांगरून लाथाडायची सवय व्हती त्याला. बारका व्हता तवापास्नं. तापात कुनी परत घातलं का अंगावर, येवढं इचारा. म्होरल्या टायमाला धाडताना ह्येबी लिवा."

पुढची वेळ नाही, हे मी त्यांना एकदा सांगितलेलं होतं. पुन्हा सांगायला हवं होतं. मी उठले, कपाटातून कागद आणला आणि त्यांच्यासमोर बसून ते इंग्रजीत लिहिलं. साध्या शब्दांत, एका ओळीत. त्यांना ते दिसावं म्हणून मोठ्या अक्षरात.

त्यांनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा बघितला, मला परत दिला.

"बराबर हाय ना?"

मी ओळ पुन्हा वाचली, शब्द न् शब्द.

"बरोबर आहे," मी म्हटलं.